स्लॅमपर्यंत बोली कशी न्यायची? आमच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आमचं ब्रिजचं टेबल भरात येतं ते पावसाळ्यात. आंब्याची शेवटची पेटी गेलेली असते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे आमच्यातले बागायतदार आणि मिरकरवाड्याचे होडीवाले दोघंही मोकळे. पडवीत टेबल मांडायचं, बाहेर पाऊस, आणि जेवणाची हाक येईपर्यंत खेळायचं. गणपतीत मुंबई-पुण्याची मुलं घरी येतात, जागराच्या रात्री खुर्चीमागे उभी राहून बघतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. लाडीस आणि मेंढीकोट खेळून त्यांना पत्त्यांची सवय झालेली असते, त्यामुळे पान टाकताना ती फारशी अडत नाहीत. अडतात ती बोलीत, आणि त्यातही स्लॅमच्या बोलीत. म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

वाचण्याआधी एवढंच लक्षात ठेवा: इथे 'हात' म्हणजे चार पानांची एक ट्रिक. वाटलेल्या तेरा पानांना मी 'पानं'च म्हणेन. टेबलावर आम्ही 'वन स्पेड, फोर क्लब' असंच बोलतो, पण इथे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असं लिहिलं आहे.

स्लॅम म्हणजे काय? मेंढीकोटातल्या कोटासारखंच ना?

तेरापैकी बारा हात करणं म्हणजे स्मॉल स्लॅम, तेराही करणं म्हणजे ग्रँड स्लॅम. कोटाशी साम्य एवढंच. मेंढीकोटात चारही दश्श्या आल्या की कोट झाला, तो आधी जाहीर करावा लागत नाही. ब्रिजमध्ये आधी सहाची किंवा सातची बोली लावावी लागते. बोलीतला आकडा सहाच्या वरचे हात सांगतो: चारची बोली म्हणजे दहा हात, सहाची म्हणजे बारा. चारवर थांबून बारा हात केलेत तर जास्तीच्या हातांचे किरकोळ गुण मिळतात, स्लॅमचं बक्षीस मिळत नाही.

ही अट हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांची. १९२५ साली लॉस एंजेलिसहून पनामामार्गे हवानाला जाणाऱ्या 'फिनलंड' या बोटीवर त्यांनी गुणांची नवी पद्धत मांडली. जेवढं बोलाल तेवढंच गेमसाठी (स्लॅमच्या खालचं बक्षीस, इस्पिक-बदामात चारच्या बोलीला मिळणारं) धरायचं, आणि बोलून केलेल्या स्लॅमला मोठं बक्षीस द्यायचं. आज आपण खेळतो ते कॉन्ट्रॅक्ट ब्रिज तिथून सुरू झालं. बोलीला एवढं महत्त्व आलं ते त्यामुळेच.

दोघांचे मिळून किती गुण असले की स्लॅमचा विचार करायचा?

एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. पूर्ण कॅटमध्ये ४० गुण. दोघांची पानं सपाट असतील आणि नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय, खेळायचं असेल तर स्मॉल स्लॅमला ३३ आणि ग्रँड स्लॅमला ३७ असा ठोकताळा आहे. ३३ गुण तुमच्याकडे असतील तर समोरच्यांकडे फार तर ७ उरतात, म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत.

पण हुकूम जुळला आणि कुणाकडे एखाद्या रंगाचं एकच पान असलं, की हा ठोकताळा बाजूला ठेवावा लागतो. खालचा प्रश्न त्याच्याबद्दलच आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ मला त्याच्यावरच घालवायचा आहे.

२६ गुणांत स्लॅम कसा होतो?

ही पानं बघा. माझ्याकडे:

इस्पिक: एक्का, राजा, ९, ८, ५
बदाम: एक्का, ७
चौकट: राजा, राणी, ४
किलवर: ७, ६, ३

भिडूकडे:

इस्पिक: राणी, गुलाम, ७, ४
बदाम: राजा, ८, ५
चौकट: एक्का, १०, ९, ३, २
किलवर: २

माझे १६, भिडूचे १०. एकूण २६, हुकूम इस्पिक. किलवरचा एक हात जातो. नंतरची दोन किलवर डमीत (खेळताना टेबलावर उघडी मांडलेली भिडूची पानं) हुकूम मारून काढता येतात, किंवा हुकूम काढून झाल्यावर डमीच्या लांब चौकटवर टाकून देता येतात. इस्पिकमध्ये, बदाममध्ये, चौकटमध्ये एकही हात जात नाही. बारा हात समोर मांडलेले आहेत.

आता माझी पानं थोडी बदलतो. चौकटचे राजा-राणी किलवरमध्ये नेतो:

इस्पिक: एक्का, राजा, ९, ८, ५
बदाम: एक्का, ७
चौकट: ७, ६, ४
किलवर: राजा, राणी, ३

गुण तेच १६. पण किलवरचा एक्का बाहेर आहे, तो हात जाणारच. चौकटमध्ये राजा, राणी, गुलाम तिन्ही समोर, तिथे आणखी दोन जातात. दहा हात, त्यापुढे एकही नाही. भिडूकडे किलवरचं एकच पान असताना माझे किलवरचे राजा-राणी जवळजवळ वाया गेले.

म्हणजे मला भिडूचे गुण कळून उपयोग नाही, त्याचं एकटं पान कुठे आहे ते कळायला हवं. ते सांगायला स्प्लिंटर आहे. मी एक इस्पिक बोललो की भिडू एकदम चार किलवर म्हणतो. एवढी मोठी उडी किलवर खेळायला कुणी मारत नाही. तिचा अर्थ असा: इस्पिकची चार पानं आहेत, गेमपुरती ताकद आहे आणि किलवरचं एकच पान आहे, किंवा एकही नाही. पहिल्या पानांनी मी पुढे जातो, दुसऱ्या पानांनी चार इस्पिक बोलून गप्प बसतो. त्या एका बोलीत भिडूने निम्मं काम केलेलं असतं.

चार नो ट्रम्प कधी विचारायचं?

हुकूम ठरल्यावर चार नो ट्रम्प म्हणजे भिडूला 'एक्के किती?' असं विचारणं. उत्तर ऐकून पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल तेव्हाच ते विचारायचं. नवे खेळाडू सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. मीही इथेच चुकलो होतो.

दोन वर्षांपूर्वीची श्रावणातली संध्याकाळ. माझे भिडू म्हणजे शेजारचे नाना, निवृत्त गणिताचे शिक्षक. माझी पानं अशी:

इस्पिक: एक्का, राजा, राणी, ९, ६, २
बदाम: राजा, राणी, गुलाम
चौकट: राजा, ५
किलवर: ८, ४

मी एक इस्पिक बोललो. नाना दोन नो ट्रम्प बोलले. आमच्या पद्धतीत ती जॅकोबी: इस्पिकची निदान चार पानं आणि गेमपुरती ताकद. मला हर्ष झाला, मी थेट चार नो ट्रम्प टाकलं. नाना पाच बदाम बोलले, म्हणजे दोन एक्के. बाहेर एकच एक्का. मी सहा इस्पिक लावले.

डावीकडून किलवरचा एक्का आला. नानांनी पानं मांडली. इस्पिक गुलाम, ७, ५, ३. बदाम एक्का, १०, ६. चौकट एक्का, राणी, ४. आणि शेवटी किलवर: गुलाम, ६, ३. पुढचं पान किलवरचा राजा. पहिल्या दोन हातांतच स्लॅम बुडाला.

मी म्हटलं, "नाना, किलवर तुमच्याकडेही नव्हतं?"

नाना म्हणाले, "तू विचारलंस कुठे? एक्के विचारलेस, तेवढे सांगितले."

त्यांचं बरोबर होतं. एक्का एकच कमी आहे हे मला कळलं, पण एकाच रंगात एक्का आणि राजा दोन्ही कमी आहेत हे एक्के मोजून कळत नाही. चार नो ट्रम्प स्लॅम शोधण्यासाठी नसतं. स्लॅम आहे असं दोघांना आधीच वाटलेलं असतं, तेव्हा दोन एक्के बाहेर तर नाहीत ना, एवढी खात्री करून घेण्यासाठी ते असतं. ज्याच्याकडे एखाद्या रंगाची दोन-तीन बारकी पानं आहेत, त्याने आधी त्या रंगाचं काय ते बघावं.

मग त्या रंगाचं कसं कळणार?

क्यू बिडने. हुकूम ठरला आणि गेम नक्की झाला, की त्यापुढच्या दुसऱ्या रंगाच्या बोलीचा अर्थ 'या रंगात माझ्याकडे कंट्रोल आहे' असा होतो. एक्का असेल किंवा रंगच नसेल तर पहिला कंट्रोल, राजा असेल किंवा एकच पान असेल तर दुसरा. आम्ही दोन्ही सारखेच धरतो आणि सगळ्यात स्वस्त कंट्रोल आधी सांगतो. काही जण पहिल्या फेरीत फक्त एक्केच सांगतात. तेही चालतं, पण दोघांचं एक हवं.

खरी गंमत वगळलेल्या रंगात असते. श्रावणातली तीच पानं घ्या. एक इस्पिक, दोन नो ट्रम्प. यावर मी तीन इस्पिक बोलायला हवं होतं: ताकद भरपूर, कुठेही एकटं पान नाही. मग नाना चार चौकट बोलले असते. चार किलवर स्वस्त पडत होतं तरी त्यांनी ते वगळलं, म्हणजे त्यांच्याकडे किलवरचा एक्काही नाही आणि राजाही नाही. माझ्याकडेही नाही. मी चार इस्पिक बोलून थांबलो असतो, अकरा हात केले असते आणि एक चांगली संध्याकाळ चांगलीच राहिली असती.

साधा ब्लॅकवुड खेळावा की की-कार्ड?

इंडियानापोलिसच्या इझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये चार नो ट्रम्पची ही युक्ती काढली. साध्या ब्लॅकवुडची उत्तरं सोपी: पाच किलवर म्हणजे एकही एक्का नाही किंवा चारही, पाच चौकट एक, पाच बदाम दोन, पाच इस्पिक तीन. महिनाभर हेच खेळा.

नंतर की-कार्डवर या. त्यात हुकमाचा राजा पाचवा एक्का म्हणून मोजतात, आणि हुकमाच्या राणीचीही चौकशी होते. आमची उत्तरं: पाच किलवर एक किंवा चार, पाच चौकट शून्य किंवा तीन, पाच बदाम दोन पण हुकमाची राणी नाही, पाच इस्पिक दोन आणि राणीसुद्धा. या क्रमाला 'चौदा-तीस' म्हणतात. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना) सहा इस्पिक किंवा सहा बदाम बरोबर केले तर १४३० गुण मिळतात, त्यामुळे लक्षात राहायलाही सोपं.

वरच्या स्प्लिंटरच्या पानांत ही पद्धत कशी चालते ते बघा. चार किलवरवर मी चार नो ट्रम्प विचारतो. भिडूकडे फक्त चौकटचा एक्का, म्हणून पाच किलवर. माझ्याकडे तीन आहेत, एक बाहेर. आता राणीचं काय? मी पाच चौकट बोलतो, ती राणीची चौकशी. राणी नसती तर भिडू पाच इस्पिकवर परतला असता. तो पाच बदाम बोलतो: राणी आहे, शिवाय बदामचा राजा आहे. मी सहा इस्पिक लावतो.

एक नो ट्रम्पवर भिडू चार नो ट्रम्प बोलला. तेही एक्के विचारणंच का?

नाही. कुठलाही हुकूम ठरलेला नाही, त्यामुळे ते निमंत्रण आहे. एक नो ट्रम्प १५ ते १७ गुणांचं असेल तर भिडू म्हणतोय, 'तुझ्याकडे वरचे गुण असतील तर सहा लाव, १५ असतील तर पास कर.' इथे एक्के विचारायचे असतील तर चार किलवर बोलायचं, त्याला गर्बर म्हणतात. उत्तरं चार चौकटपासून सुरू होतात: शून्य किंवा चार, मग एक, दोन, तीन. हा फरक खेळायला बसण्याआधी भिडूशी बोलून घ्या. इथे गोंधळ झालेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की पुन्हा पुन्हा सांगतो.

हुकूम किलवर किंवा चौकट असेल तर?

तर चार नो ट्रम्प जपून. हुकूम किलवर आहे आणि उत्तर पाच बदाम आलं, तर पाच किलवरवर थांबायची वाट बंद झालेली असते. नको असलेलं उत्तरही तुम्हाला सहावर नेऊन सोडतं. या रंगांत शक्य तेवढं क्यू बिडनेच पुढे जा.

माझ्याकडे एखाद्या रंगाचं पानच नसेल तर?

एक्के विचारू नका. भिडूने एक एक्का सांगितला आणि तो नेमका तुमच्या त्या रिकाम्या रंगाचा निघाला तर उपयोग शून्य, आणि तो कुठला हे उत्तरातून कळत नाही. क्यू बिड करा आणि भिडूकडून ऐका.

चार नो ट्रम्पनंतर विरोधक मध्येच पाच चौकट बोलले तर?

घाबरायचं नाही, उलट त्यांनी आणखी दोन बोली दिल्या. आमचं ठरलेलं आहे: डबल म्हणजे शून्य, पास म्हणजे एक, त्याच्या वरची लगतची बोली म्हणजे दोन. याला डोपी म्हणतात. की-कार्डला डबल शून्य किंवा तीन, पास एक किंवा चार.

किती खात्री असली की स्लॅम लावायचा?

निम्म्यास निम्मी. हिशेब करून बघा. व्हल्नरेबल नसताना सहा इस्पिक लावून बारा हात केले तर ९८०. चारवर थांबून बारा केले तर ४८०. म्हणजे ५०० मिळवले. अकराच हात झाले तर सहावर −५०, चारवर ४५०. म्हणजे ५०० गमावले. व्हल्नरेबल असताना हेच दोन आकडे ७५० आणि ७५०. म्हणून स्लॅम एका फिनेसवर (विरोधकांचं मोठं पान दोघांपैकी नेमक्या एकाकडे असेल या भरवशावर) अवलंबून असेल तर लावला काय, न लावला काय, सारखंच. एका रंगाची पाच पानं बाहेर आहेत आणि ती तीन-दोन अशी वाटलेली हवीत, तर ती शक्यता ६८ टक्के आहे. तो स्लॅम जरूर लावा. एक फिनेस आणि त्यावर वाटणीही हवी असेल तर चारवर थांबा.

आणि ग्रँड स्लॅम?

तिथे गणित बदलतं. सात लावून एक हात कमी पडला तर गेमचे आणि स्मॉल स्लॅमचे दोन्ही गुण जातात. सहा ऐवजी सात लावण्यासाठी साधारण दोन तृतीयांश शक्यता हवी. माझं मत याहून कडक आहे: तेरा हात बोटावर मोजता आले तरच सात. सातला हुकमाची राणी फिनेसने शोधावी लागणार असेल तर सहा पुरे. ग्रँड स्लॅम सोडल्याचं दुःख एक दिवस राहतं, बुडाल्याचं गणपतीपर्यंत.

भिडूने बराच वेळ विचार करून चार इस्पिक लावले. त्याच्याकडे काहीतरी जास्त आहे हे मला कळलं. मी पुढे जाऊ का?

नाही. हे मी घरच्या टेबलावरही कडक पाळतो. भिडूने घेतलेला वेळ, सोडलेला उसासा, पानं टेबलावर ठेवण्याची पद्धत, भुवई, यातून जे कळतं ते बोलीतून आलेलं नाही, आणि नियमाप्रमाणे ते वापरायचं नाही. तो पटकन चार इस्पिक बोलला असता तर तुम्ही काय केलं असतं? तेच आता करायचं. तुमच्या पानांतच पुढे जाण्याचं कारण असेल तर जा, विचारलं तर पानं दाखवून ते सांगता आलं पाहिजे.

पडवीत चारही जण घरचे असतात, त्यामुळे 'एवढं काय' असं कुणीतरी म्हणतं. पण स्लॅमची बोली म्हणजे दोघांनी ठरलेल्या शब्दांत एकमेकांना आपली पानं सांगणं. उसाशांवर चाललं की ते शब्द कुणी शिकत नाही. विचार करायला वेळ लागत असेल तर सोप्या बोलीलाही थोडा वेळ घ्यायची सवय लावा, म्हणजे भिडू अडचणीत येत नाही.

नव्या भिडूबरोबर एवढं सगळं ठरवायचं कसं?

सगळं ठरवू नका. आमच्या टेबलावर नवा माणूस आला की मी चारच गोष्टी विचारतो: जॅकोबी आहे का, स्प्लिंटर आहे का, क्यू बिडमध्ये राजा धरायचा का, चार नो ट्रम्पची उत्तरं कोणती. बाकीचं खेळता खेळता. २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा एकाचं वय ६० आणि दुसऱ्याचं ५६ होतं. मुलं 'शिकायला उशीर झाला का' असं विचारतात तेव्हा मी हे दोन आकडे सांगतो.

सरावाला स्लॅमची पानं येतच नाहीत. काय करावं?

ती आणता येतात. कॅटमधून सगळ्या रंगांच्या दुर्र्या, तिर्र्या आणि चव्व्या बाजूला काढा, ती बारा पानं झाली. उरलेली चाळीस पिसून दोघांनी तेरा-तेरा घ्या. सगळे चित्रवाले आणि एक्के या चाळीसात आहेत, त्यामुळे तुमच्या सव्वीस पानांत सरासरी २६ गुण येतात, आणि दर काही डावांत एक स्लॅम हमखास निघतो. दोघांनी पानं न दाखवता बोली लावायची, प्रत्येक बोली वहीत लिहायची, मग पानं उघडून हात मोजायचे. चुकलं तर नेमकी कुठली बोली चुकली तिच्याखाली रेघ मारायची. भिडू दापोलीला आणि तुम्ही मालवणला असाल तर ब्रिज बेस ऑनलाइनवर दोघांनीच बसून फक्त बोलीचा सराव करता येतो, पण रेंज असलेली जागा आधी शोधून ठेवा.

नाना आणि मी अजून दर गुरुवारी असे आठ डाव बोलतो. वही त्यांच्याकडे असते. त्या श्रावणातल्या पानावर माझ्या चार नो ट्रम्पखाली लाल रेघ आहे आणि समासात त्यांच्या मास्तरी अक्षरात एकच शब्द: 'किलवर?'